मदत हवी आहे: घाणेरी काढणाऱ्या स्वयंसेवकांना कसे शिकवावे, कसे टिकवावे?

नमस्कार. डोंगरउतारावरची साधारण 4 एकर जागा आहे, घाणेरी (टणटणी) आणि रानमोडी या बाहेरून आलेल्या तणझुडपांनी भरलेली. मधूनमधून मूळची झाडेझुडपे अजून तग धरून आहेत. सुट्टीच्या दिवशी 25-30 स्वयंसेवक येतात, त्यांतले निम्मे दर वेळी नवे. अडचणी अशा: कापलेली घाणेरी पावसानंतर दुप्पट फुटते, नवखे लोक तिच्याबरोबर मूळची रोपेही उपटतात, आणि दोन-तीनदा येऊन बरेच जण यायचे थांबतात. सुरुवातीला तासभर माहिती देतो, पण कामात तिचा उपयोग दिसत नाही. शिकवण्याचा क्रम काय असावा? एका गटप्रमुखाकडे किती जण द्यावेत? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1

आधी घाणेरीचे. वर कापून भागत नाही, कारण खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या भागातून फुटवे येतात. फांद्या बाजूला करून बुंध्यापर्यंत पोचा आणि मुख्य मूळ जमिनीच्या खाली 3 ते 5 सेंमीवर कुदळीने तोडा. अख्खे मूळ खणून काढू नका. त्याची गरज नसते, आणि उकरलेल्या मातीत दबलेले बी उजेडात येऊन उगवते. निघालेले झुडूप मुळे वर करून खडकावर किंवा दुसऱ्या झुडपावर उलटे ठेवा. ओल्या मातीला टेकलेल्या फांद्या कांड्यांपाशी मुळे धरतात, म्हणून जमिनीवर पसरू नका. हे सगळे फळे धरण्याआधी उरकायचे, नाहीतर पक्षी बी लांबवर नेतात.

तासभराचे भाषण 10 मिनिटांवर आणा. पहिले झुडूप प्रमुखाने न बोलता काढावे. दुसरे काढताना नवख्याने एकेक पायरी सांगावी आणि प्रमुखाने तेवढेच करावे. तिसरे नवख्याने स्वतः काढावे. दुसरी पायरी लोक वगळतात, पण काय समजले नाही ते तिथेच कळते. मग प्रत्येकाने काढलेल्या पहिल्या झुडपाचे तुटलेले टोक पाहा: खोड-मुळाच्या जोडाचा भाग पूर्ण निघाला असेल तरच त्याला पुढे जाऊ द्या.

प्रतिसाद 2

मूळची रोपे उपटली जाण्यामागे निष्काळजीपणा नसतो, नवख्याला सगळे हिरवे सारखेच दिसते. पहिल्या दिवशी फक्त दोनच वनस्पती शिकवा. घाणेरी: समोरासमोर पाने, खरखरीत, चुरडल्यावर उग्र वास, चौकोनी खोड. रानमोडी: हीसुद्धा समोरासमोर पानांची आणि वासाची, पण पानाच्या बुडाशी त्रिशूळासारख्या तीन ठळक शिरा. नियम एकच: खात्री नसेल तर हात लावायचा नाही, शेजारी रंगीत फीत बांधायची, प्रमुख येऊन बघेल. फिती भरपूर द्या आणि फीत बांधणाऱ्याचे सगळ्यांसमोर कौतुक करा. विचारायला लाज वाटली की रोप गेलेच म्हणून समजा.

मोठी झाडे सोपी असतात, खरी गडबड रोपांत होते. म्हणून प्रत्येक वनस्पतीचे कोवळे रोप, वाढलेले आणि फुलावर आलेले, असे तिन्ही नमुने कागदावर वाळवून ठेवा.

एका प्रमुखाकडे 6 ते 8 जण, उतारावर 5. कुदळ चालवणाऱ्या दोघांत किमान 3 मीटर अंतर, आणि एकाच्या बरोबर खाली दुसरा नको, दगड घरंगळतात. जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. तणनाशक स्वयंसेवकांच्या हाती देऊ नका.

प्रतिसाद 3

माझ्या मते मूळ अडचण क्षेत्राची आहे. 4 एकर म्हणजे साधारण 16,000 चौ. मी., म्हणजे 10×10 मीटरचे 160 चौकोन. एका चौकोनाला किती मनुष्य-तास लागतात ते मोजा. समजा 12 लागले आणि 30 जणांनी अडीच तास काम केले, तर हाती 75 तास. त्यातले निम्मे आधी साफ केलेल्या जागेवर उगवलेली घाणेरीची नवी रोपे उपटायला राखून ठेवा. म्हणजे एका दिवशी नवे चौकोन फक्त तीनच. आकडा छोटा वाटेल, पण तेवढेच पेलते.

सुरुवात सर्वांत दाट घाणेरीपासून करू नका. सिडनीत जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी 1960 च्या दशकात जी पद्धत बसवली तिचा गाभा हाच: चांगल्या तुकड्यापासून बिघडलेल्याकडे सरकायचे, माती कमीत कमी हलवायची, आणि मूळच्या वनस्पती जेवढ्या वेगाने जागा भरतील तेवढ्याच वेगाने पुढे जायचे. शिवाय उतार एकदम उघडा पडला की माती वाहून जाते. म्हणून उताराला आडवे, समपातळीत काही पट्टे न काढता सोडा.

धागाकर्ता

धन्यवाद, हिशोब फार उपयोगी. पण तीन चौकोनांनी लोकांचा हुरूप टिकेल का? मोकळ्या जागी रोपे लावली तर?

प्रतिसाद 3

लगेच लावू नका. एक पावसाळा जाऊ द्या, आपोआप काय उगवते ते पाहा. मूळची रोपे उगवत असतील तर लागवडीची गरजच नाही. आणि तो उतार मुळात गवताळ असेल तर तिथे झाडे लावणे म्हणजे दुसरे नुकसान.

प्रतिसाद 2

हुरुपासाठी प्रत्येक गटाला स्वतःचे चौकोन द्या, कायमचे. कोपऱ्याला क्रमांकाची खुंटी ठोका. खुंटीवरून त्याच उंचीने, त्याच दिशेने, दर ऋतूत एक फोटो. सोबत 1×1 मीटरच्या चौकटीत घाणेरीची रोपे किती, मूळची किती, याची नोंद. ही मोजणी स्वयंसेवकांनाच करू द्या. स्वतः मोजलेला आकडा खाली आलेला दिसला की माणूस परत येतो.

कुदळ सगळ्यांना झेपत नाही. नोंदी, फोटो, नमुने, अवजारांना धार, बुटांना आणि कुदळींना चिकटलेले बी ब्रशने झाडणे, ही कामे तितकीच महत्त्वाची आहेत आणि तसेच सांगून द्या. सतत येणाऱ्यांना चौथ्या-पाचव्या वेळी एका नवख्याची जोडी द्या, त्यांतूनच पुढचे प्रमुख घडतात. आणि एखादा दोनदा आला नाही तर त्याच आठवड्यात फोन करा. दुखापत, ऊन, की काम नीट समजले नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही.