एजंटशिवाय घर विकलंय? घडलेलं लिहा

मागच्या महिन्यात बाबांचा कोथरूडचा फ्लॅट विकला, एजंट न घेता. सात महिने लागले. मधे दोनदा वाटलं की द्यावा एकाच्या गळ्यात आणि मोकळं व्हावं, दोन टक्के गेले तर गेले. नाही दिला. ज्यांनी हा उद्योग केलाय किंवा करायला जाऊन अर्ध्यात सोडलाय त्यांनी लिहा. सल्ले नकोत, घडलेलं लिहा. मी सुरू करतो.

आधी भाव. वेबसाइटवर आजूबाजूच्या सोसायट्यांचे आकडे बघून मी हवेत होतो. एका मित्राने जमिनीवर आणलं, म्हणाला ते मागितलेले भाव, मिळालेले नव्हेत, नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, तिथे आपल्याच बिल्डिंगचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे उतारे, काढ. रात्री बसून काढले, कॅप्चा दर दुसऱ्या वेळी चुकायचा. आमच्याच बी विंगमधला तस्साच फ्लॅट चार महिन्यांपूर्वी माझ्या डोक्यातल्या आकड्यापेक्षा अकरा लाखांनी कमीत गेलेला! दुसऱ्या दिवशी तेच काका जिन्यात भेटले, "आम्हाला भाव बरा मिळाला हो" म्हणाले, मी नुसती मान डोलावली.

मग जाहिरात. "एजंटांनी फोन करू नये" हे पहिल्याच ओळीत. पहिल्या दोन दिवसांत छत्तीस फोन, त्यातले एकतीस एजंट. वाक्य सगळ्यांचं एकच, "सर, जेन्युइन पार्टी आहे, लोन सँक्शन आहे, संध्याकाळी घेऊन येऊ का?" संध्याकाळी कुत्रं फिरकत नाही. एक जण तर गिऱ्हाईक बनून बायकोला घेऊन आला, तिने ओट्याची उंचीबिंची बघितली, चहा घेतला, आणि जाताना ह्याने खिशातून कार्ड काढलं.

खरं गिऱ्हाईक आलं ते खालच्या इस्त्रीवाल्याकडून. समोरच्या सोसायटीत भाड्याने राहणारं जोडपं, मुलीची शाळा जवळ म्हणून ह्याच गल्लीत घर हवं होतं, हे त्याला माहीत आणि आमचं विकायचंय हेही माहीत, मला मात्र दोन्हीतलं पहिलं माहीत नाही. व्यवहार झाल्यावर पाच हजार द्यायला गेलो तर घेईना. शेवटी त्याच्या टेबलावरच्या जाड चादरीखाली ठेवून आलो. आता ही ब्रोकरेज म्हणायची तर म्हणा.

ठाणेकरीण

आमचं कर्ज बाकी होतं त्यामुळे मूळ कागद बँकेत. "एजंट असता तर सगळं त्याने केलं असतं" असं घरात रोज ऐकलं, पण खरं सांगू का, त्याचा पोऱ्या रांगेत उभा राहतो, बाकी सह्या आपल्याच. आमच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज फेडायला किती बाकी त्याचं पत्र, आणि ताब्यातल्या कागदांची यादी घ्यायची, ती खरेदीदाराच्या बँकेला द्यायची, त्यांचा वकील मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च काढतो, मग त्यांची बँक आमच्या बँकेच्या नावाने डीडी देते. डीडी गेला आणि कागद येईनात, तो मधला काळ फार वाईट. खरेदीदार रोज सकाळी सव्वानऊला फोन करायचे, त्यांचंही बरोबर, पैसे अडकलेले. डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत कागद द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५००० भरपाई. तो नियम छापून ब्रँचमध्ये टेबलावर ठेवला, बोलले काहीच नाही. बाविसाव्या दिवशी फाइल आली.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. सासूबाई सहमालक, वय ७८. दुय्यम निबंधकांकडे टोकन लागलं, फोटो झाला आणि यांचा अंगठा मशीन घेईना. डावा नाही, उजवा नाही. जन्मभर भांडी धुणी करून रेषा राहिल्यात कुठे. ऑपरेटर बिचारा चांगला होता, ओल्या रुमालाने पुसा म्हणाला, मग कोरडं करा म्हणाला, मग मागच्या रांगेतल्या एका बाईने पर्समधून व्हॅसलीन काढलं. आठव्यांदा मशीन हिरवं झालं आणि अख्ख्या ऑफिसात हुश्श. सासूबाई म्हणतात, "घरालाच जायचं नव्हतं."

हो, एक राहिलं. खरेदीदाराने घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं, आपल्याकडे बाईच्या नावावर असलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. तेवढे वाचले म्हणून आमच्याशी घासाघीस जरा कमी केली असं मला आपलं वाटतं.

द्राक्षवाला नाशिक

थोडक्यात. जाहिरात टाकल्यावर तासाभरात फोन, "मैं आर्मी में हूँ, पोस्टिंग आ रही है, फोटो देखा, फायनल." घर न बघता फायनल! लगेच टोकन पाठवतो म्हणाला आणि क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत, हे मला माहीत होतं म्हणून वाचलो. माझ्या मेव्हण्याचे वीस हजार असेच गेलेत, पण तो लिहिणार नाही इथे.

धाकटी

सांगलीचं घर, बाबांनंतर आम्ही तिघं भावंडं. सोसायटीत नॉमिनी दादा. वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तिघांच्या सह्या लागतील किंवा दोघी बहिणींनी हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचं लिहून, रजिस्टर करून द्यायचं. दादाचा चेहरा उतरला, मी बघितलं, ताईने बघितलं, कोणी काही बोललं नाही. शेवटी तिघंही विकणार म्हणून उभे राहिलो.

एजंट नसला की काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. खरेदीदार नवराबायको हॉलमध्ये बसलेले, बाबांच्या आरामखुर्चीच्या कडेला संकोचून, आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात कुजबुजत भांडतोय, दोन लाख सोडायचे की नाही. पातेल्यात चहा उतू गेला. एजंट असता तर तो हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधे येरझाऱ्या घालत राहिला असता आणि दोन्हीकडे वेगळं वेगळं बोलला असता. इथे सगळं आरपार ऐकू जातं. त्या बाई उठून आत आल्या आणि म्हणाल्या, "आम्ही उद्या येतो, तुम्ही निवांत ठरवा." त्यांनाच दिलं. लाख सोडले.

डोंबिवली ते एडिसन

२०२४ च्या शेवटी आईचा डोंबिवलीचा फ्लॅट इथे अमेरिकेत बसून विकला. माझ्यासारख्यांना एजंटपेक्षा सीए लागतो हे आधी कळलं असतं तर बरं. विकणारा भारतात राहणारा असेल तर ५० लाखांपासून पुढे खरेदीदार एक टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून भरायचा कर, कापतो. विकणारा परदेशात असेल तर किंमत कितीही असो टीडीएस आहेच, तोही भांडवली नफ्याच्या दराने, आणि आयकर खात्याचं कमी दराचं सर्टिफिकेट नसेल तर लोक पूर्ण किमतीवर कापून मोकळे होतात, नफ्यावर नाही. खरेदीदाराला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढावा लागला, तो म्हणाला "मॅडम, मी रिक्षाचं स्पेअर पार्टचं दुकान चालवतो, मला कशाला यात घालता". त्याला व्हिडिओ कॉलवर फॉर्म भरून दिला, पहाटे तीन वाजता, माझ्या. सर्टिफिकेट यायला दोन महिने, तो थांबला. कुलमुखत्यारपत्र (माझ्या वतीने सह्या करायचा अधिकार) इथे नोटरी, मग अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालावं म्हणून सरकारी शिक्का, मग तिकडे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प. सही जुन्या पद्धतीने केली म्हणून एकदा परत आलं.

नुसता प्रश्न नाही, उत्तर

सोसायटीने ट्रान्सफरसाठी लाख रुपये "ऐच्छिक देणगी" मागितली, न दिल्यास फाइल पुढच्या मीटिंगला. ऑगस्ट २००१ च्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, देणगीच्या नावानेही वर नाही. झेरॉक्स सेक्रेटरींच्या दाराखालून सरकवली. २५ हजारांची पावती आली, नमस्कार बंद झाला.

आठ महिने

मी उलटं लिहितो. आठ महिने स्वतः प्रयत्न केला आणि एजंटला दिलं. घर विकायला काढलं की लोक तुमच्या तोंडावर तुमच्या घराला नावं ठेवतात, ते मला झेपलं नाही. "किचन अंधारं आहे." "टाइल्स जुन्या." एक गृहस्थ मोबाईलवर होकायंत्र लावून बाथरूममध्ये पाच मिनिटं उभे, बाहेर आले आणि बायकोकडे बघून मान हलवली, संपलं. वर आमच्या मातोश्री प्रत्येकाला प्रामाणिकपणे सांगायच्या, "उन्हाळ्यात पाणी जरा कमीच येतं हं." दर रविवारी दहा माणसांचे पोहे, कारण आलेल्याला तसंच कसं पाठवायचं. आणि निम्म्यांची एकच अट, काही रोख घ्या. वीस हजार किंवा वर रोख घेतले तर तेवढाच दंड बसू शकतो, पण सांगितलं की माणूस तुमच्याकडे असा बघतो जणू तुम्हीच चोर. एजंटने सहा आठवड्यांत विकलं. पहिली गोष्ट त्याने केली ती म्हणजे मातोश्रींना दर रविवारी माझ्या बहिणीकडे पाठवलं. दोन टक्के दिले, रडत नाही.

ठाणेकरीण

@आठ महिने, मातोश्रींना नमस्कार सांगा. सासूबाईही हेच करायच्या, फक्त पाण्याऐवजी कबुतरं.

धाकटी

कोथरूडचे दादा, त्या इस्त्रीवाल्याचा नंबर मिळेल का? ताईचा कर्वेनगरचा वन बीएचके काढायचाय.

मूळ लेखक

त्याच्याकडे फोन आहे पण उचलत नाही, हातात इस्त्री असते. संध्याकाळी सहानंतर प्रत्यक्ष जा. आणि चार शर्ट घेऊन जा, नुसतं विचारायला गेलेलं त्याला आवडत नाही.