सावळ्या रंगाला फाउंडेशन जुळवताना: आपापले अनुभव लिहा

पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे. माझा रंग चांगला सावळा. मागच्या कार्याला पार्लरवाली म्हणाली, "दोन शेड उजळ लावू, फोटोत छान येतं." फोटोत आलं ते राखेत लोळलेलं तोंड, खाली मान मात्र माझीच! यंदा घरीच दोन बाटल्या मिसळणार आहे. कुणी केलंय का?

*

बारा वर्षं नवऱ्या सजवतेय, म्हणून जरा लांबण लावते. एक बाटली आपल्याहून गडद घ्यायची, दुसरी किंचित उजळ. फिकं करायला पांढरं घालू नका, तिथेच राखाडी होतं. बाटलीत मुळात लाल, पिवळं, काळं आयर्न ऑक्साइड आणि पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते पांढरं वाढलं की सावळ्या कातडीची ऊब जाते. मिश्रण नारिंगी दिसलं तर निळा मिक्सर (फाउंडेशनमध्ये मिसळायचा निळा रंग), टाचणीच्या टोकाएवढाच. माझ्या हातून एकदा जास्त पडला आणि नवरीची आई घाबरून म्हणाली, "हिला बरं नाहीये का?"
मनगटावर बघू नका, जबड्याच्या कडेला लावून खिडकीशी जा. आणि पंधरा मिनिटं थांबा, बरीच फाउंडेशन्स हवा लागून गडद होतात. एका बाटलीतलं फाउंडेशन पाण्यात बनवलेलं नि दुसरीतलं सिलिकॉनमध्ये असेल तर मिश्रण नासक्या दुधासारखं फुटतं.

*

2020 मध्ये क्रीमच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. पार्लरातलं 'दोन शेड उजळ' काही गेलं नाही.

*

माझे काका दशावतारात स्त्रीपार्ट करायचे. रंगवायला कुणी नसे, ज्याचं तोंड त्यानेच रंगवायचं. सफेदा, पिवडी, लाल, थोडं खोबरेल, सगळं तळहातावर. नव्या पोराला सांगायचे, "सफेदो जास्त झालो तर राणी नाय, भूत दिसतलंस."

*

मी लंडनला असते. 2017 मध्ये गायिका रिहानाच्या फेंटी या मेकअप ब्रँडने फाउंडेशनच्या एकदम 40 शेड आणल्या, तेव्हा वाटलं सुटले. पण इथल्या हिवाळ्यात मी निवळते आणि पुण्याला आठ दिवस राहिले की पुन्हा रापते. त्यामुळे दोन लागोपाठच्या शेड घेऊन ठेवल्यात, महिन्यागणिक प्रमाण बदलते.

*

डोळ्यांखाली आधी नारिंगी करेक्टर लावा. नुसता कन्सीलर काळ्या वर्तुळांवर करडा दिसतो. माझ्याकडे करेक्टर नव्हता तेव्हा विटकरी लिपस्टिकचं बोट फिरवलं होतं, चाललं.

*

झिंकवालं सनस्क्रीन त्या दिवशी नको. फ्लॅश पडला की सगळं पांढरं. स्वतःच्या साखरपुड्याचा अनुभव आहे.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आज स्टीलच्या ताटलीत केलं. गडदचे तीन थेंब, उजळचा एक. निळ्याची गरज पडली नाही. लावून स्वयंपाकघरात गेले तर आई म्हणते, "अगं, कधी लावणार आहेस?" आता प्रश्न हळदीच्या दुसऱ्या दिवसाचा. भाचीची उष्टी हळद मलाही फासणार, मग हे प्रमाण कसलं चालतंय!