टायलर ऑलजीर: ठेवावा की विकावा? (2025च्या मोसमाआधीची चर्चा)

बाकावरचा_बाजी
आमची बारा जणांची फँटसी फुटबॉल लीग, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे (NFL) खरे खेळाडू आपल्या कागदी संघात घ्यायचे आणि त्यांच्या खऱ्या खेळावर गुण मिळवायचे. तीही डायनेस्टी, म्हणजे एकदा घेतलेला खेळाडू विकेपर्यंत आपलाच. माझ्याकडे अटलांटा फाल्कन्सचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, टायलर ऑलजीर आहे. 2025चा मोसम तोंडावर आलाय आणि एक जण त्याच्या बदल्यात पुढच्या वर्षीची तिसऱ्या फेरीची पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) देतोय. मी नाही म्हणालो.

2022च्या ड्राफ्टमध्ये (NFL संघ नवे खेळाडू फेरीवार निवडतात ती निवड) पाचव्या फेरीत आलेल्या या पोराने पहिल्याच वर्षी धावून 1,035 यार्ड काढले. फाल्कन्सच्या कुठल्याच नवोदिताने तोवर इतके काढले नव्हते. आणि पुढच्याच ड्राफ्टमध्ये संघाने आठव्या क्रमांकावर बिजान रॉबिन्सन हा दुसरा रनिंग बॅक उचलला! ऑलजीर खराब खेळला म्हणून मागे गेला नाही, पुढे असामान्य माणूस आला म्हणून गेला. मार्चमध्ये मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर गेले, तेव्हा हेच मनात आलं. 589 प्रथम श्रेणी बळी, पण काळ बिशनसिंग बेदींच्या डावखुऱ्या फिरकीचा, त्यामुळे एकही कसोटी नाही. शिवलकरांना दुसरीकडे जायची सोय नव्हती. ऑलजीरचा करार या मोसमानंतर संपतोय आणि वय आहे 25.

चौथा_डाउन
शिवलकरांचं नाव वाचून मलाही वाईट वाटलं, पण तुलना पटत नाही. फिरकी गोलंदाज चाळिशीतही टाकतो. रनिंग बॅकची उमेद सत्ताविशी-अठ्ठाविशीत ओसरायला लागते. तू जी वाट बघतोयस, तीच त्याची चांगली वर्षं आहेत.

अलेक्झांडर मॅटिसन आठवतो ना? व्हायकिंग्जमध्ये डॅल्विन कुकच्या मागे चार वर्षं. 2021मध्ये कुक नसताना दोनदा शंभरच्या वर यार्ड काढले आणि आपण सगळे म्हणत बसलो, एकदा जागा मिळू दे. 2023मध्ये मिळाली. 180 कॅरी (चेंडू घेऊन धावण्याच्या खेपा), 700 यार्ड, धावून टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेणं) शून्य. त्याला जपून ठेवणाऱ्यांत मीही होतो, म्हणून कळकळीने सांगतोय. पिक घे.

पोलार्डप्रेमी
मॅटिसन सांगितलास, मग टोनी पोलार्डही सांग. काउबॉयजमध्ये इझिकिएल एलियटच्या मागे असतानाच 2022मध्ये 1,007 यार्ड. पुढच्या वर्षी एलियटला सोडलं आणि जागा याची झाली. मग टेनेसीत जाऊन 2024मध्ये पुन्हा हजारावर. बाकावर बसूनही माणूस मोठा होतो.

चौथा_डाउन
पोलार्डकडे झेल होते. 2022मध्ये 39. ऑलजीरला तीन मोसमांत एकदाही 20 झेल नाहीत, आणि आपल्या बहुतेक लीगमध्ये झेलाला एक गुण असतो. मागच्या मोसमात त्याचे 644 यार्ड आणि 3 टचडाउन, म्हणजे दहा यार्डांना एक आणि टचडाउनला सहा धरून धावण्याचे गुण 82.4. सतरा सामन्यांत वाटले तर सामन्याला पाचसुद्धा पडत नाहीत. नवा संघ त्याला घेईल, पण तिसऱ्या डाउनला, म्हणजे बहुतेकदा पास टाकायच्या वेळी, दुसराच कोणी उतरेल. शिवाय पाचव्या फेरीत असा खेळाडू मिळतो हे खुद्द ऑलजीरनेच दाखवलंय. मग त्याच्यासाठी कोणता संघ मोठी रक्कम मोजेल?

बाकावरचा_बाजी
झेलांचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मागच्या मोसमात त्याने कॅरीमागे 4.7 यार्ड काढले, तेही थंड पायांनी मधूनच उतरून. हा मुलगा कॉलेजात एका मोसमात लाइनबॅकर (धावणाऱ्याला अडवणारा बचावपटू) म्हणूनही खेळलाय, आणि 2021मध्ये त्याच कॉलेजसाठी, बीवाययूसाठी (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ), 1,601 यार्ड. धडक सहन करणारं शरीर आहे त्याचं. आणि बिजान जखमी झाला तर? तिसऱ्या फेरीच्या पिकमधून दरवर्षी किती जण टिकतात ते आपल्याच लीगमध्ये बघ.

गाजराची_पुंगी
बाजी, बिजान कोणाकडे आहे?

बाकावरचा_बाजी
पिक देणाऱ्याकडेच.

गाजराची_पुंगी
मग तिसऱ्या फेरीवर कसला अडतोस! ऑलजीरची किंमत बाकी अकरा जणांना वेगळी आणि त्या एकाला वेगळी. बिजान जखमी होऊन बसला तर त्या मालकाचा अख्खा मोसम बुडतो, आणि बिजानच्या जागी उतरणार ऑलजीरच. 2024मध्ये बिजानच्या 304 कॅरी झाल्या, इतकं ओझं वाहणाऱ्याचा मालक निर्धास्त झोपत नाही. दुसरी फेरी माग. नाही दिली तर ठेव, वाजली तर वाजली.

चौथा_डाउन
दुसऱ्या फेरीला माझीही हरकत नाही. मात्र मोसम सुरू व्हायच्या आत माग. नोव्हेंबरपर्यंत बिजान ठणठणीत राहिला तर त्याचा मालक तिसरीही देणार नाही.

बाकावरचा_बाजी
आत्ताच निरोप पाठवला. दुसरी फेरी, किंवा तिसरी अधिक त्याच्या बाकावरचा एखादा तरुण रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू).