पाऊस बरणीत की बाहेर? (आणि गच्चीची किल्ली कोणाकडे?)

बी-३०२
काल सी विंगच्या ११०४ मधल्या ताईंनी इथे सोसायटीच्या ग्रुपवर "पावसाळ्यात मुलांना घरातच पाऊस शिकवा" अशी पोस्ट टाकली. ती डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय. बरणीत पाणी, त्यावर दाढीच्या फोमचा थर, फोमवर निळ्या रंगाचे थेंब. रंग खाली झिरपला की झाला पाऊस. शिवाय कापसाचा ढग चिकटवा आणि मोबाइलवर पावसाचा आवाज लावा. ताई, आपण गोरेगावात राहतो. पाऊस चार महिने खिडकीवर धडका देत असताना मुलांना त्याचा आवाज मोबाइलवर का ऐकवायचा?

माझी मुलगी चार वर्षांची आहे. गेल्या रविवारी खिडकीच्या पत्र्यावरून पागोळ्या गळत होत्या, तिने ग्रिलमधून स्टीलची वाटी धरली. रिकाम्या वाटीत टण्ण, बुडाशी पाणी जमल्यावर टप्, भरत आली की डुबुक. वाटी ओतायची, परत धरायची. सात वेळा केलं. मग म्हणाली, "बाबा, पाण्यावर पाणी पडलं की त्याला लागत नाही." हे मी शिकवलेलं नव्हतं.

आणि फोमचं म्हणाल तर तो प्रयोग मुळात चुकीचं शिकवतो. ढगात बारीक थेंब आधीपासूनच असतात. ते एकमेकांवर आपटून मोठे होतात, आणि हवेला तोलवेनासे झाले की खाली येतात. बरणीत रंग फक्त फोमच्या भोकांतून पाझरतो.

त्यापेक्षा पर्जन्यमापक करा. सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा त्यातच बसवा. बुडाच्या खळग्यांत खडे टाका, खडे बुडेपर्यंत पाणी भरा, तिथे शून्य. बाहेरून पट्टी चिकटवा. वेधशाळा चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजते, आपणही तेव्हाच मोजायचा. याला फक्त उघडी जागा लागते. ती आपल्याकडे आहे, गच्ची, पण तिला कुलूप आहे.

सी-११०४
दादा, तुमचा रविवार होता. माझा मंगळवार होता. शाळेच्या सुट्टीचा मेसेज आला सात वाजून दहा मिनिटांनी. मी तेव्हा स्टेशनवर. तशीच भिजत परत आले. घरात साडेतीन वर्षांची जुळी, नवरा पुण्यात, सांभाळणाऱ्या मावशी ठाण्यापुढच्या दिव्याहून लोकलने येतात, त्यांची गाडी बंद. ती बरणी एक तास चालली आणि त्या तासात मी ऑफिसची मीटिंग उरकली. चुकीचं शिकवते म्हणता ना? शिकवू दे. त्या तासाला मला दुसरं काहीही चाललं असतं.

आणि बाहेर न्यायचं मला सांगू नका. माझा भाचा नऊ वर्षांचा असताना गुडघाभर पाण्यात फुटबॉल खेळला. घोट्याजवळ खरचटलेलं होतं. आठवड्याने ताप, डोळे लालबुंद, पोटरीला कोणाला हात लावू देईना. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. अकरा दिवस इस्पितळात. बहिणीचा चेहरा मी पाहिलाय तेव्हा.

बी-३०२
भाच्याबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण साचलेलं पाणी आणि पडणारा पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेप्टो येतो उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून, जखमेवाटे. रस्त्यावरच्या पाण्यात मीही मुलीला पाय टाकू देत नाही, खाली उघडं मॅनहोल असेल तर दिसतसुद्धा नाही. चुकून कोणाचं मूल त्या पाण्यातून चाललंच तर ताप यायची वाट न बघता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा. मी बोलतोय ते आभाळातून सरळ गच्चीवर पडणाऱ्या पावसाबद्दल.

डी-१०२ (सेक्रेटरी)
विषय गच्चीवर आलाच आहे तर ऐका. कुलूप मी हौसेने लावलेलं नाही. २०२३ साली वॉटरप्रूफिंगला साडेआठ लाख गेले. त्याआधी कोणीतरी डिश बसवायला खिळे ठोकले, कोणी फटाके लावले, पोरं कठड्यावर बसायची. शिवाय गेल्या वर्षी गच्चीवरच्या डब्यात डासांच्या अळ्या सापडल्या आणि सोसायटीला नोटीस आली. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. आता तुम्ही म्हणता बाटल्या ठेवा.

डी-१२०२
वॉटरप्रूफिंग झालं आणि माझ्या बेडरूममध्ये अजून बादली आहे. चार अर्ज दिले. आमच्या घरी या, पाऊस आतच मोजता येईल. हे मी रागानेच लिहितोय.

ए-४०३
सेक्रेटरी काका, गच्ची बंद आहे तर तिथे तुमच्या अकरा कुंड्या कशा? माझ्या सासूबाईंना मे महिन्यात पापड वाळत घालायला किल्ली मिळाली नाही. तीन वेळा खाली-वर केलं त्यांनी, गुडघे दुखत असताना.

डी-१०२ (सेक्रेटरी)
कुंड्या समितीच्या परवानगीने आहेत आणि त्यांच्याखाली ताटल्या नाहीत, पाणी साचत नाही. पापडांचा अर्ज लेखी आला नव्हता.

ए-४०३
पापडाला लेखी अर्ज!! जमिनीएवढाच गच्चीचाही पैसा आम्ही भरलाय. मेंटेनन्स दर महिन्याला वेळेवर घेता ना?

डी-१२०२
आणि मोठ्या दुरुस्तीसाठी जमवलेल्या सिंकिंग फंडाचं काय झालं तेही सांगा एकदा.

बी-५०१
मुलांचा धागा आहे हा. सर्वसाधारण सभा इथे नको.

ए-४०३
सभेत बोलू देत नाहीत म्हणूनच इथे लिहितेय.

ए-६०१ (आजी)
बाळांनो, भांडू नका, थोडं माझं ऐका. मी गिरगावात चाळीत वाढले. आम्हाला पाऊस कोणी शिकवला नाही, तो नावानिशी यायचा. सात जूनच्या सुमारास मृग लागायचा, मग आर्द्रा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. आई पंचांग काढायची आणि आम्ही धावायचो यंदा नक्षत्राचं वाहन काय ते बघायला. बेडूक किंवा हत्ती आला की आनंद, कारण मग पाऊस भरपूर. वहीच्या पानाची साधी होडी, शिडाची होडी, नांगरहोडी. गॅलरीच्या कडेने पाणी वाहायचं त्यात सोडायच्या.

पण सी विंगच्या मुलीची बाजू मला कळते. २६ जुलै २००५ ला माझा नातू चार वर्षांचा होता. शाळेची व्हॅन दुपारी निघाली आणि रात्री अकरापर्यंत पत्ता नाही. फोन बंद, वीज नाही. ड्रायव्हरने मुलांना एका अनोळखी घराच्या दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं होतं, त्या घरातल्या बाईने सगळ्यांना खिचडी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी नातू घरी आला तो त्या बाईच्या मुलाचा शर्ट घालून. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. मुलाला भिंतीशी उभं करून मोजा, तीन वर्षांचं पोर साधारण तेवढंच असतं. तेव्हापासून जोराची सर आली की मी घड्याळाकडे बघते. भीती वाटणाऱ्या आईला कोणी कमी लेखू नये.

बी-३०२
आजी, कमी लेखायचं नव्हतं. माझ्या लिहिण्यात तसं आलं असेल तर चुकलं. पण तुमच्याच आकड्यावरून सांगतो. त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर झाला. एकच शहर. म्हणून तर आपल्या गच्चीवरचा पाऊस आपण मोजायचा, बातम्यांतला आकडा आपला नसतो. नक्षत्राच्या वाहनावरून पाऊस ठरतो हे मात्र मी मुलीला खरं म्हणून सांगणार नाही.

ए-६०१ (आजी)
नको सांगूस. गोष्ट म्हणून सांग. गोष्ट सांगायला काय हरकत आहे?

ए-२०४
मी बालवाडी शिकवते, बावीस वर्षं झाली. दोघांनाही एक सांगते. छापील कागदांवर थेंब नेहमी टोकदार काढलेला असतो, मुलं तसाच रंगवतात. खरा बारीक थेंब गोल असतो आणि मोठा खालून चपटा, बनपावासारखा. हे बघायचं असेल तर परातीत चाळलेल्या मैद्याचा बोटभर थर द्या. परात खिडकीबाहेर दोन-तीन सेकंद धरा आणि लगेच आत घ्या. थेंब पडला तिथे पिठाची गोळी होते. अर्धा तास वाळू द्या, मग अलगद चाळा. चाळणीत गोळ्या राहतात, मोहरीएवढ्या, साबुदाण्याएवढ्या. भुरभुर पावसाच्या वेगळ्या, धो-धो पावसाच्या वेगळ्या. अमेरिकेत विल्सन बेंटली नावाच्या माणसाने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी थेंब असेच मोजले होते. परात मोठ्या माणसानेच धरायची. मूल घराबाहेर जात नाही, आणि पाऊस खरा असतो.

फोमबद्दल मी दादांच्या बाजूने आहे. त्यातून मुलांना ढग साबणाचा वाटतो, वर्गात तीनदा अनुभव घेतलाय. पण कंटाळलेल्या आईने काय करावं हे ज्याने पूर्ण दिवस दोन मुलं एकट्याने सांभाळली आहेत त्यानेच सांगावं.

सी-११०४
ए-२०४ ताई, आज केलं. परात मी धरली. मैदा फरशीभर झाला, तो मीच पुसला. पण मोठीने गोळ्या बोटाने वेगळ्या केल्या आणि धाकटा चाळणी हातातून सोडेना. गोळ्या डबीत भरून ठेवल्यात, बाबांना दाखवायला. बरणीपेक्षा जास्त वेळ चाललं, एवढं मान्य. दादा, हे तुम्ही जिंकलात म्हणून लिहीत नाहीये.

बाटली मी ग्रिलमध्ये बांधू का? अकराव्या मजल्यावर?

बी-३०२
मजला उंच असल्याने अडणार नाही, पण भिंतीला लागून नको. वारा एका बाजूचा असला की भिंतीच्या आडोशाला पाऊस पडतच नाही, उलट वरच्या पत्र्यावरून गळलेलं पाणी आत जातं. आकडा खोटा येईल. गच्चीच हवी.

ए-४०३
परत तेच. काका?

डी-१०२ (सेक्रेटरी)
मला रात्री बाराला तीन फोन आले. इथे जे लिहिलं गेलं ते लागलं मला, मी हे काम फुकट करतो. पण बाटली रोज रिकामी होणार असेल तर अळ्यांचा प्रश्न राहत नाही, हे माझ्या सुनेने दाखवून दिलं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा तरी लागतो. तर सकाळी सव्वाआठ ते पावणेनऊ किल्ली वॉचमनकडे. एकच बाटली, मधोमध, विटांच्या आधाराने. प्रत्येक मुलाबरोबर एक मोठं माणूस. हवामान खात्याचा लाल इशारा असेल किंवा विजा चमकत असतील तर गच्ची बंद, कोणी वाद घालायचा नाही.

डी-१२०२, तुमच्या छताच्या कामाचा माणूस शनिवारी येतोय. ए-४०३, पापडांचं एप्रिलमध्ये बोलू.

ए-४०३
लिहून ठेवलंय.

बी-३०२
अटी मान्य. लाल इशाऱ्याच्या दिवशी परात.

सी-११०४
किंवा बरणी.

बी-३०२
किंवा बरणी. ताई, सुट्टीचा मेसेज पुन्हा सातनंतर आला तर जुळ्यांना खाली आमच्याकडे सोडा. मी साडेदहापर्यंत घरी असतो.

ए-२०४
आज साडेआठला आठ मुलं वर होती. ३८ मिलिमीटर. बाटली ओतायला दोघांत भांडण झालं, उद्यापासून पाळी लावतेय.