दोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही, वाट बघावी का?

प्रश्न: मुलगा २ वर्षांचा, मम्मा सोडून शब्द नाही, हाक मारली तरी वळत नाही पण मिक्सर लावला की कान झाकतो. सासूबाई म्हणतात याचा बापही उशिराच बोलला. काय करू?

– थांबू नका ताई. आधी कानाची बेरा टेस्ट (आवाज ऐकवून कान-मेंदूचा प्रतिसाद मशीनवर बघतात) करा, मिक्सर ऐकू येतो म्हणजे सगळंच येतं असं नाही, बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात.

– जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) तपासणी, थेरपी फुकट असते, अंगणवाडीताईंना विचारा. ज्यातून हे होतं ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम योजना २०१३ला आपल्या पालघरमधूनच सुरू झाली तरी किती आयांना माहीतच नाही, फार वाईट वाटतं.

– एकट्या समजू नका. २०१६मध्ये जगात विकासाच्या अडचणी (ऐकू कमी येणं, ऑटिझम वगैरे) असलेली ५ वर्षांखालची सव्वापाच कोटींवर मुलं होती, ९५ टक्के आपल्यासारख्याच देशांतली. निदान होईपर्यंत समोर बसून भरपूर बोला, मोबाईल नको.