संगणक नेटवर्किंगमधील संशोधकाची उद्धरणे (इतरांच्या निबंधांत त्याच्या कामाचे आलेले संदर्भ) कशी वाचावीत?

प्रश्न : मी मुंबईत पीएचडीसाठी मार्गदर्शक शोधत आहे. एका प्राध्यापकांचा उद्धरणांवरून काढला जाणारा एच-निर्देशांक मोठा आहे, तर दुसऱ्यांचे बहुतेक लेखन नियतकालिकांऐवजी परिषदांमध्ये आले आहे. निवड कशावर करावी?

उत्तर १ : परिषदांना कमी लेखू नका. या विषयात सिगकॉमसारख्या परिषदेत शोधनिबंध स्वीकारला जाणे फार मानाचे समजतात.

उत्तर २ : भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या एच-निर्देशांकाचा अर्थ इतकाच, की तो २० असेल तर त्या संशोधकाच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० उद्धरणे मिळाली आहेत, त्यांतल्या एकाला हजारो मिळाली, तरी आकडा तोच राहतो. उदाहरणार्थ, १९८६ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे अवघ्या ४०० यार्डांवरील दोन ठिकाणांमधला नेटवर्कचा वेग माहितीच्या गर्दीमुळे सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला, त्यातून नेटवर्किंग संशोधक व्हॅन जेकबसन यांचा १९८८ चा निबंध जन्मला आणि टीसीपी या इंटरनेटवर माहिती पोहोचवणाऱ्या नियमावलीचे गर्दी-नियंत्रण त्याच पायावर वाढले. असे कामही निर्देशांकात एकच मोजले जाते, हे मला अन्यायाचे वाटते. म्हणून दोन्ही प्राध्यापकांचे दोन-तीन निबंध स्वतः वाचा.

उत्तर ३ : त्या निबंधांत विद्यार्थी प्रथम लेखक आहेत का, हेही अवश्य पाहावे.