पोर्शे ९११ की बीएमडब्ल्यू झेड४? चोर्ला घाट आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या हिशेबानं सल्ला हवा

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावचे. धाकट्या भावाचं उद्यमबागेत मशीन शॉप आहे. यंदा स्पोर्ट्स कार घ्यायचीच म्हणायलाय, सेकंड हँड का असेना. पैसा त्याचा, हौस त्याची, माझा विरोध नाही. पण गाडीत माझी सात वर्षांची पुतणी बसणार, म्हणून सुरक्षेचं मी बघायचं असं घरात ठरलंय.

आधी तो फोर्ड मस्टँगवर अडून होता. २०१७ च्या जानेवारीत युरो एनकॅपनं (युरोपात गाड्या धडकवून सुरक्षेचे स्टार देणारी संस्था) तिला पाचपैकी दोनच स्टार दिले होते. धडकेत एअरबॅग पुरेशा फुगल्या नव्हत्या आणि मागचा प्रवासी पट्ट्याखालून पुढं सरकला होता. सुधारणा करूनही तीनच स्टार झाले. ते वाचून दाखवल्यावर त्यानं नाव सोडलं.

आता उरल्या दोन. झेड४ ला २०१९ मध्ये पाच स्टार आहेत, पण सीटा दोनच, म्हणजे मूल पुढंच बसणार. ९११ ची क्रॅश टेस्ट युरो एनकॅपनं केलेलीच नाही, त्यामुळं स्टारवरून तुलना होत नाही. मात्र तिचा वेट मोड, म्हणजे ओल्या रस्त्यासाठीची सेटिंग, मला फार पटलाय. पुढच्या चाकांच्या कमानीतले सेन्सर पाणी उडाल्याचा आवाज ऐकतात आणि चालकाला सावध करतात. मग वेट मोड लावला की अ‍ॅक्सिलरेटर मवाळ होतो, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच फिरू न देणारी यंत्रणा) आणि एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी) ओल्या रस्त्याला जुळवून घेतात. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतात. पावसाळ्यात चोर्ल्यातनं गोव्याला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

खरी भीती मात्र वेगळीच आहे. मागच्या गाळप हंगामात रात्री निपाणीकडून येताना आमची साधी गाडी ट्रॉलीला धडकता धडकता वाचली. मागं दिवा नव्हता. रेडियमच्या पट्टीवर चिखल, आणि ऊस हातभर बाहेर आलेला. हेडलाइटमध्ये आधी वाड्याची, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याची, हिरवी टोकं दिसली, ट्रॉली नंतर. भावानं ब्रेक दाबला तेव्हा पुतणी मागं झोपली होती. अजून ती टोकं डोळ्यांसमोरनं जात नाहीत.

म्हणून ज्यांच्याकडं या गाड्या आहेत त्यांना विचारते. अंधारात अशी ट्रॉली आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला ओळखता येते का, की तिला मागचा दिवा दिसावाच लागतो? भारतात आलेल्या जुन्या गाड्यांत ही यंत्रणा असतेच का, आणि आहे की नाही हे घेताना कसं तपासायचं? खडी उडून पुढची काच बदलावी लागली तर काचेमागचा कॅमेरा पुन्हा जुळवून कुठं घेता? आणि ९११ च्या मागच्या सीटवर सात वर्षांच्या मुलीची बूस्टर सीट नीट बसते का? कोणी बसवली असेल तर फोटो टाका.

भाऊ पुढच्या रविवारी गाडी बघायला पुण्याला चाललाय. त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.